मेजाला जखडलेली पाठ
कचेरीतील जुनाट वेदना आणि खिशातील नवा सहायक

कोलकाता हे कारकुनांनी घडविलेले नगर आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखनिकांसाठी १७७७ साली येथे जी लांबलचक इमारत बांधावयास घेतली गेली, तिचे नावच मुळी ‘रायटर्स बिल्डिंग’ असे पडले. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालच्या सचिवालयाचा कारभार २०१३ पर्यंत याच वास्तूतून चालत असे. तिच्या भोवतालच्या परिसराला बंगाली माणूस आजही ‘ऑफिस-पाडा’ म्हणतो. भारतातील पहिला आधुनिक संगणकही याच नगरात, भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५ च्या सुमारास येऊन दाखल झाला. आता नगराच्या पूर्वेस सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये काचेच्या उंच इमारतींत हजारो तरुण-तरुणी संगणकापुढे बसून देशोदेशीची कामे उरकीत असतात.

लेखणीच्या जागी टंकयंत्र आले आणि टंकयंत्राच्या जागी संगणक. या अडीचशे वर्षांत खुर्ची मात्र कोणी हलविली नाही, आणि तिच्यासंगे येणारे दुखणेही हलले नाही. मान आखडते, खांदे भरून येतात, मनगटात कळ येते, कंबर धरते. कचेरीतून घरी आल्यावर पाठ टेकल्याखेरीज दुसरे काही सुचू नये अशी अवस्था होते. वाचकहो, आपल्या घरातील मिळवत्या माणसाच्या तोंडून असे उद्गार आपण ऐकले नसतील, असे होणे कठीण!

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या व्याधींचा विचार केला आहे. सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल अखंड करीत राहणे, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्यांनी दिली. तीनशे वर्षांनंतर सेक्टर पाचमधील एखाद्या कर्मचाऱ्याची तपासणी केली, तर याहून निराळे निदान निघणार नाही.

ब्यथा आणि व्यथा

बंगाली भाषेतील एक शब्द येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. आपण मराठीत ‘व्यथा’ म्हणतो तेव्हा बहुधा मनाचे दुःख सांगत असतो. बंगाली माणूस मात्र कंबर दुखली तरी ‘कोमर ब्यथा’ म्हणतो आणि मन दुखावले तरी ‘ब्यथा’च म्हणतो. शरीराची कळ आणि मनाची सल यांना त्याने एकाच शब्दात बसविले आहे. आधुनिक वैद्यकाचे म्हणणेही आता याच दिशेचे आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली आणि २०२० साली जी सुधारली, तीत वेदनेला संवेदना आणि भावना या दोहोंचा एकत्रित अनुभव म्हटले आहे.

यामागील शास्त्र समजण्यास फारसे कठीण नाही. मूल पडले, गुडघ्याला लागले, की आई त्यावर हळूच हात फिरविते आणि मुलाचे रडणे ओसरते. असे का व्हावे? १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर सुचविले. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाची संवेदना ते दार अर्धवट लोटते आणि वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत कमी प्रमाणात पोहोचतो. मेंदूकडून येणाऱ्या आज्ञाही हे दार उघडू वा मिटू शकतात. भीती, चिंता आणि जागरण यांनी ते सताड उघडे राहते. धीर, हालचाल आणि शांत झोप यांनी ते मिटू लागते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ भर पडली. परंतु वेदना म्हणजे केवळ इजेचे मोजमाप नव्हे, हा त्याचा गाभा टिकून राहिला.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणाचा अंमल १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला. त्यात अशा वेदनेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. पुष्कळदा मूळची इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था मात्र अजून सावध पहाऱ्यावर असते. चोर केव्हाच निघून गेला आणि घंटा वाजतच राहिली, असा हा प्रकार आहे.

म्हणूनच केवळ छायाचित्रावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा माणसांच्या कण्याच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतील अशा निरोगी माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज आढळली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. केस पांढरे व्हावेत तशीच ही झीज आहे. ‘मणक्यात गॅप आहे’ हे शब्द कानी पडताच आयुष्यभर वाकायचे नाही अशी शपथ घेणाऱ्यांनी हे आकडे अवश्य लक्षात ठेवावेत.

हजेरीपटात न दिसणारे नुकसान

२०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोक कंबरदुखीने त्रस्त होते, आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. माणसाला मृत्यू न आणता पंगू करून ठेवणाऱ्या व्याधींत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. स्त्रियांत तिचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे, आणि याचे आश्चर्य वाटावयास नको. जी स्त्री आठ तास कचेरीत बसते, तीच घरी परतून दोन तास ओट्यापाशी उभी राहते.

आजारी माणूस रजेवर गेला की नुकसान हजेरीपटात दिसते. पाठ दुखत असताना कामावर येणाऱ्या माणसाची मात्र हजेरी पूर्ण भरते. तो खुर्चीत असतो, पण त्याचे अर्धे चित्त दुखण्यात गुंतलेले असते. हे नुकसान मोजण्यासाठी १९९३ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत आजारामुळे किती तास बुडाले, प्रत्यक्ष किती तास काम केले, आणि त्या कामावर आजाराचा परिणाम शून्य ते दहा या मापाने किती झाला, असे तिचे सरळ प्रश्न आहेत.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. आठवड्याचे चाळीस तास काम. दोन तास दवाखान्यात गेले, उरलेले अडतीस तास कामात गेले, आणि दुखण्याचा परिणाम दहापैकी तीन. अडतीसचे तीन दशांश म्हणजे ११.४ तास; त्यात बुडालेले दोन मिळविले की १३.४ तास होतात. चाळिसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश वेळ हातचा गेला, आणि हजेरीपट मात्र केवळ दोनच तास दाखवितो! या तफावतीतच कित्येकांची बढती अडते, कित्येकांवर कामचुकारपणाचा ठपका येतो, आणि दुखण्याच्या जोडीला अपमानाची सल येऊन बसते. दुखणे अंगावर काढण्याची आपली जुनी सवय अशी महागात पडते.

खिशातील सहायक

या परिस्थितीत गेल्या काही वर्षांत एक नवे साहाय्य पुढे आले आहे. ते म्हणजे मोबाइलमधील आरोग्यविषयक साधने, म्हणजेच ‘ॲप’. त्यांचे प्रकार अनेक आहेत. काही ठराविक वेळाने उठण्याची आठवण देतात. काही वेदनेची दैनंदिनी ठेवतात. काही चित्रे दाखवून व्यायाम शिकवितात, तर काही कॅमेऱ्याच्या साहाय्याने शरीराची ठेवण पाहून दुरुस्ती सुचवितात. वेदनेविषयीची भीती आणि निराशा कमी करण्याचे मानसोपचार टप्प्याटप्प्याने शिकविणारीही साधने आहेत.

यांचा उपयोग खरोखर होतो काय? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींवर न सोपविता प्रयोगांकडे पाहावे. नॉर्वे आणि डेन्मार्क येथील कंबरदुखीच्या ४६१ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्या उपचारांखेरीज एक ॲप दिले गेले. प्रत्येकाची प्रगती पाहून चालणे, व्यायाम आणि माहिती यांचा आठवड्याचा बेत ते आखून देई. तीन महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना केली असता चोवीस गुणांच्या मापावर सरासरी फरक ०.७९ गुणांचा, म्हणजे अगदी थोडा निघाला. मात्र ज्यांच्या स्थितीत चार गुणांची वा त्याहून अधिक सुधारणा झाली, असे लोक ॲप वापरणाऱ्यांत ५२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. तात्पर्य, हे साधन जादूची कांडी नव्हे आणि निव्वळ भूलथापही नव्हे. नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली, तर काहींना निश्चित लाभ होतो.

जर्मनीने या बाबतीत घालून दिलेली शिस्त अनुकरणीय आहे. तेथे २०१९ साली झालेल्या कायद्यामुळे डॉक्टर औषधाप्रमाणे ॲपही लिहून देऊ शकतात आणि त्याचा खर्च आरोग्यविमा सोसतो. परंतु त्यासाठी ॲपची नोंद सरकारी यादीत असावी लागते. तात्पुरती नोंद मिळालेल्या साधनाला ठरावीक मुदतीत आपला लाभ सिद्ध करावा लागतो, अन्यथा त्याचे नाव यादीतून कमी होते. आपल्याकडे अशी चाळणी नसल्याने निवडीचा भार ग्राहकावरच पडतो.

आपल्या देशातील सोय

दूरवैद्यकाच्या बाबतीत बंगाल मागे नाही. या शतकाच्या आरंभीच कोलकात्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आणि खरगपूरची आयआयटी यांच्या सहकार्याने जिल्ह्यातील रुग्णालये शहरातील तज्ज्ञांशी जोडण्याचे प्रयत्न झाले. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’ या सेवेतून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय झाली. ज्याला रजा मिळणे कठीण, किंवा ज्याला लोकलच्या गर्दीत उभे राहणेच असह्य, त्याला अशा सेवेचा मोठा आधार आहे.

कचेरीतील कर्मचाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२१ रोजी ‘वाय-ब्रेक’ नावाचे ॲप सुरू केले. त्याआधी २०२० च्या जानेवारीत देशातील सहा महानगरांत त्याची प्राथमिक चाचणी झाली होती. कामाच्या मध्यात पाच मिनिटे काढून करावयाचा हा योगाचा क्रम आहे. ताडासन, ऊर्ध्वहस्तोत्तानासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन, अर्धचक्रासन अशी सोपी आसने, त्यानंतर दीर्घ श्वसन, नाडीशोधन व भ्रामरी, आणि अखेरीस क्षणभर ध्यान. त्यासाठी चटई लागत नाही, पोशाख बदलावा लागत नाही आणि दाम मोजावा लागत नाही. मात्र ज्यांच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी वाकण्याची आसने डॉक्टरांना विचारूनच करावीत.

दुखणे हट्टी असेल तर मात्र प्रत्यक्ष तज्ज्ञ गाठणे इष्ट. कोलकात्यात सियालदह येथे कर्मचारी राज्य विमा योजनेची वेदनाव्यवस्थापनास वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे. तेथे उपचारांबरोबर डॉक्टरांना या शास्त्राचे शिक्षणही दिले जाते. परंतु या विमा योजनेला वेतनाची मर्यादा आहे. २०१७ साली ती दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. कचेरीत बसणारा मध्यमवर्गीय कर्मचारी पुष्कळदा तिच्या बाहेर पडतो. खाजगी विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतो, आणि पाठदुखीसाठी कोणी सहसा दाखल होत नाही. त्यामुळे व्यायामतज्ज्ञाचे शुल्क आणि औषधांचा खर्च घरखर्चातूनच भागवावा लागतो.

निवड कशी करावी?

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दुखण्याविषयी योग्य शिक्षण, व्यायाम, काही शारीरिक उपचार आणि मानसोपचार यांची तिने शिफारस केली. कमरेचे पट्टे, वजन लावून कणा ताणणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्याचा वापर मात्र करू नये, असे सांगितले. कोणतेही ॲप घेताना हीच कसोटी लावावी. जे हालचालीकडे नेते ते घ्यावे. जे पट्टा, तेल किंवा यंत्र विकू पाहते, किंवा पंधरा दिवसांत कायमचा गुण येईल अशी हमी देते, ते दूर ठेवावे.

दुसरी कसोटी गोपनीयतेची. आपली वेदना, झोप आणि मनःस्थिती यांची नोंद ही खाजगी गोष्ट आहे. कचेरीने ॲप दिले असेल, तर ती माहिती कोण पाहणार, हे आधी लेखी विचारून घ्यावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे मूळ सूत्र संमती हेच आहे. दुखण्याची प्रामाणिक नोंद उद्या बढतीच्या कागदावर उमटणार असेल, तर कोण शहाणा माणूस खरे लिहील?

तिसरी कसोटी, ॲपची मर्यादा ओळखण्याची. पुढील लक्षणे दिसताच मोबाइल बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे: लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप येणे, कारणाविना वजन घटणे, पडल्यानंतर तीव्र वेदना होणे, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाठ ताठर राहत असेल आणि हालचालीने ती सैल होत असेल, तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने घेत राहणे पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, हेही विसरू नये.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. पहिले दोन आठवडे केवळ नोंद ठेवावी. किती वेळ सलग बसलो, झोप किती झाली, दुखणे दहापैकी किती, एवढे पुरे. बहुतेकांच्या ध्यानात येते की दुखण्याचा संबंध खुर्चीहून जागरणाशी आणि सलग बसण्याशी अधिक आहे. त्यानंतर साधनाला अर्ध्या तासाने उठविण्याची आज्ञा द्यावी. उठून पाणी आणावे, जिना चढावा, फोनवरचे बोलणे उभ्याने करावे. ताठ बसण्याचा अट्टहास नको. कोणतेही एक आसन फार वेळ उत्तम नसते. दुखणे कमी असलेल्या दिवशी सारी राहिलेली कामे उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही चूक अनेकजण करतात. त्याऐवजी चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही दिवशी ठरविलेले तेवढेच करावे आणि दर आठवड्यास त्यात थोडी भर घालावी. आठवड्याकाठी किमान दीडशे मिनिटे झपाट्याने चालणे हे प्रौढांसाठी सर्वमान्य प्रमाण आहे. तेथवर सावकाश पोहोचावे.

कचेरीचे आणि कुटुंबाचे कर्तव्य

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. मोबाइल दर अर्ध्या तासाने उठावयास सांगतो आणि वरिष्ठ डोळे वटारतात, अशी स्थिती असेल, तर जगातील उत्तमोत्तम साधनही निरुपयोगी होय. उंची बदलता येणारी खुर्ची, डोळ्यांच्या पातळीवर पडदा, उठण्याची मोकळीक आणि दुखणे बोलून दाखविले म्हणून कोणाला कमी न लेखण्याची रीत, या गोष्टी कोणतेही ॲप देऊ शकत नाही. त्या कचेरीनेच द्यावयाच्या आहेत. एक तृतीयांश कामाचे तास मुकाट्याने गमावण्यापेक्षा दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटांची मोकळीक देणे कितीतरी स्वस्त आहे, हा हिशेब कोणत्याही व्यवस्थापकाला पटावा.

कुटुंबाचा वाटा तर याहून मोठा आहे. जुनाट वेदना डोळ्यांना दिसत नाही. हात मोडला तर पट्टी दिसते, ताप आला तर अंग तापते. पाठदुखीला असा पुरावा नसतो. ‘कालपर्यंत तर ठीक होतास’ हे शब्द म्हणूनच फार लागतात. उलटपक्षी दुखणाऱ्या माणसाला काहीच करू न देणे हीही माया नव्हे. त्याच्यासंगे संध्याकाळी चालावयास जावे, त्याच्या व्यायामाची वेळ पाळावी आणि घरकामाची वाटणी अशी करावी की एकाच व्यक्तीची कंबर त्यात मोडू नये. यंत्र आठवण देऊ शकते, सोबत देऊ शकत नाही. ती ज्या घरात मिळते, तेथे व्यायाम चुकण्याचे प्रसंगही कमीच येतात.